चातीसरांचा अंगठा

मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवणाऱ्या त्या प्राध्यापकांचं खरं नाव पगारपत्रकाबाहेर फारसं कुणी वापरत नसे. विद्यार्थ्यांनी त्यांना ‘चातीसर’ करून टाकलं होतं. आपल्याला टोपणनाव आहे याची आपल्याला गंधवार्ताही नाही, असं सर मोठ्या कसोशीने दाखवत. मनातून मात्र खूश होते. लोक मेल्यावर त्यांचं नाव रस्त्याला देतात. आपल्याला जिवंतपणीच एका अवयवाचं नाव मिळालं, हे काय कमी आहे, असं त्यांना वाटे.

अवयव म्हणजे फार मोठा नव्हे. आपल्या बहुतेक सगळ्या स्नायूंत, ओढकाम करणाऱ्या राकट तंतूंच्या शेजारी, काही नाजूक तंतू एका चिमुकल्या पिशवीत बांधलेले असतात. पिशवी मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती, सूत कातायच्या चातीसारखी. तिच्या पोटातल्या तंतूंभोवती मज्जातंतूची वेटोळी असतात. स्नायू ताणला की चाती ताणते, वेटोळी ओढली जातात आणि पाठीच्या कण्यात खबर जाते, की इतकं ताणलंय आणि इतक्या वेगाने ताणलंय. डोळे मिटले तरी आपला पाय कुठे आहे हे आपल्याला कळतं, ते बरंचसं या चात्यांच्या जिवावर. मांजराला चाती असते, बेडकाला असते, उंदराला असते, माणसालाही असते. सरांनी उमेदीची सगळी वर्षं मांजराच्या मानेतल्या चात्या सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात घालवली होती, कारण मानेच्या खोल स्नायूंत त्यांची दाटी फार. बायको म्हणे, लोकांचे नवरे मान वर करून चालतात, आमचे मांजराच्या मानेत मान घालून बसतात.

बायकोचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. तिने अर्ध्या गावाला गाडी शिकवली होती, नवऱ्याला सोडून. त्याच्याबाबतीत तिने पहिल्याच दिवशी हात टेकले, कारण तो क्लच दाबायच्या आधी क्लच दाबताना मांडीत काय घडतं ते समजावून सांगू लागला आणि तोवर गाडी मागच्या मागे उतारावरून निघाली. तिच्या बाजूला जादा ब्रेक होता म्हणून दोघं वाचले.

त्या वर्षी सरांच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. वाकून वाकून काम करणाऱ्या माणसाला येतात तशाच. दोन दिवस मान सरळ ठेवली असती तर गेल्याही असत्या. पण सर पडले जाणकार. मुंग्या म्हणजे मज्जातंतू, मज्जातंतू म्हणजे जीवनसत्त्व, असा हिशेब त्यांनी चहा निवायच्या आत मांडला आणि औषधाच्या दुकानातून बी-सिक्सच्या गोळ्या आणल्या, त्याही सगळ्यात जोरदार. डॉक्टरांना विचारायचा प्रश्नच नव्हता. निम्म्या गावाचे डॉक्टर त्यांनीच तर शिकवलेले. शिष्याकडे मुंग्यांसाठी जायचं म्हणजे सिंहाने सशाला वाट विचारण्यासारखं.

गोळ्या चालू झाल्या. मुंग्या वाढल्या. सरांनी निष्कर्ष काढला की मात्रा कमी पडते आहे. मात्रा वाढवली, मुंग्या पायांत उतरल्या. तेव्हा सर स्वतःच्या दूरदृष्टीवर प्रसन्न झाले, की बरं झालं वेळीच औषध सुरू केलं, नाहीतर आज काय अवस्था झाली असती. टेबलाच्या खणात एक डबी, कॉलेजातल्या कपाटात एक, कोटाच्या खिशात एक, बायकोच्या गाडीत एक. जेवणानंतर एक, आणि आठवण झाली की आणखी एक.

मग त्यांचे पाय बिघडले. बिघडले म्हणजे दुखत नव्हते, लटपटतही नव्हते. फक्त जिथे ठेवले असं सरांना वाटे, तिथे ते नसत. सपाट जागेवर ठेच लागू लागली. सरांनी चपला बदलल्या. मग नव्या चपलांतही ठेच लागली म्हणून चांभाराला नावं ठेवली. मग व्हरांड्यातल्या फरश्यांची पातळी चुकलीय असं ठरवून पाणी ओतून पाहिलं. पाणी जागच्या जागी शहाण्यासारखं उभं राहिलं. चष्म्याचा नंबर तपासून झाला. घरात एक बोका होता, तो मुद्दाम पायात येतो असाही आरोप झाला, पण आरोपाच्या वेळी बोका कपाटावर झोपलेला होता. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. सरांना चालता येईना, तर त्यांनी अंगण, घर, चांभार आणि मांजर सगळंच वाकडं ठरवलं.

एके सकाळी तोंडाला साबण लावून डोळे मिटले आणि सर सरळ बेसिनवर कोसळले. आरसा वाचला, कपाळाला टेंगूळ आलं. बायको धावत आली. साबण निसरडा होता, असं त्यांनी तिला सांगितलं. साबण हातात होता आणि पाय कोरड्या जमिनीवर, हे तिने बोलून दाखवलं नाही. पण बघितलं.

खरा तमाशा कॉलेजात झाला. सर चात्यांवरच शिकवत होते. शेवटच्या चित्रासाठी त्यांनी दिवे घालवायला सांगितलं, पडदेही ओढलेले होते. अंधार झाला आणि सरांना एकदम असं वाटलं की आपल्याला कमरेखाली कुणी पुसून टाकलंय. पाय आहेत हे माहीत होतं, कुठे आहेत हे माहीत नव्हतं. सावरायला म्हणून त्यांनी हात पुढे केला, पण हातही भलतीकडेच गेला आणि ते पहिल्या बाकावर अक्षरशः तोंडघशी पडले. दिवे लागले. वर्गाने टाळ्या वाजवल्या. स्थितीचं भान गेलं तर काय होतं याचं सरांनी प्रत्यक्ष नाट्य करून दाखवलं, असा सगळ्यांचा समज झाला होता. सरांनी बाक धरून उठता उठता थोडंसं वाकून टाळ्यांचा स्वीकार केला. पुढे अनेक दिवस त्यांना त्या वाकण्याचीच सर्वांत जास्त लाज वाटली. पडणं शरीराचं होतं. वाकणं शुद्ध त्यांचं स्वतःचं.

इतकं होऊनही खूण पटली नाही. डोळे उघडे असताना उभा राहतो आणि मिटल्यावर पडतो, अशा माणसाला काय झालेलं असतं, हा प्रश्न सर दर वर्षी परीक्षेत विचारत. ज्यांना उत्तर येत नसे त्यांच्याकडे ते चष्म्यावरून अशा नजरेने बघत, की पोरं पुढचा प्रश्नही विसरत.

खूण पटली ती बायकोला, आणि तीही तिच्या धंद्याच्या नजरेने. जिना उतरताना नवरा प्रत्येक पायरीला खाली मान घालून स्वतःच्या पावलांकडे बघतो, हे तिने चारदा पाहिलं. नवशिके पहिल्या आठवड्यात असेच क्लचकडे बघतात. आठवडा उलटला की बघणं सुटतं, कारण पायाला कळू लागतं. हा माणूस उलटा निघालाय, पन्नाशी ओलांडून नवशिका होत चाललाय, हे तिच्या ध्यानात आलं आणि ती घाबरली. घाबरली की ती कमी बोलते. तिने नवऱ्याला फक्त गाडीत बसायला सांगितलं. कुठे जायचं ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते दवाखान्याच्या गेटपर्यंत वाद घालत आले असते.

मेंदू आणि मज्जातंतूंची डॉक्टर ही सरांची जुनी विद्यार्थिनी. मागच्या बाकावर बसून हमखास डुलक्या काढणारी म्हणून सरांना ती पक्की आठवत होती. तिने त्यांना बसवलं, हसून विचारपूस केली आणि छोटी हातोडी काढली. गुडघ्याच्या वाटीखाली ठोकलं की पाय आपोआप उडतो, तो चात्यांचाच खेळ. ठोक्याने स्नायू ताणतो, चाती कळवते, कणा मेंदूला न विचारता परस्पर हुकूम सोडतो. सरांनी हे इतक्या वेळा सांगितलं होतं की झोपेतही सांगितलं असतं.

तिने ठोकलं. पाय हलला नाही.

सर म्हणाले, जरा खाली ठोक. तिने खाली ठोकलं. सर म्हणाले, मनगट सैल हवं, हातोडी आपल्या वजनाने पडू दे, हे मी तुम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, तू झोपली असशील. तिने मनगट सैल सोडून ठोकलं. मग सरांनी हातोडी तिच्या हातून काढून घेतली आणि स्वतःच्या गुडघ्यावर स्वतः ठोकलं. पहिला नेम मांडीवर बसला, दुसरा खुर्चीच्या हातावर. तिसरा बरोबर जागी बसला. पाय दुसऱ्या कुणाचा असावा तसा लटकत राहिला.

डॉक्टरने हातोडी परत घेतली आणि त्यांना डोळे मिटायला सांगितलं. पायाचा अंगठा दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून ती वर किंवा खाली हलवणार होती. सरांनी कुठे ते ओळखायचं. सरांनी ठणठणीत आवाजात उत्तरं दिली. वर. खाली. खाली. वर. विद्यापीठात कधी दिली नसतील इतक्या खात्रीने. डोळे उघडले तेव्हा बायको खिडकीबाहेर बघत होती आणि डॉक्टर अंगठा सोडून शेजारी बसली होती.

“सर, शेवटच्या तीन वेळा मी अंगठा धरलाच नव्हता,” ती म्हणाली.

मग तिने विचारलं, काही औषधं घेता का. सर म्हणाले, छे, औषधाला मी हात लावत नाही. थांबून म्हणाले, जीवनसत्त्वं तेवढी. बायकोने पर्स उघडली. खणातली, कोटातली, गाडीतली अशा सगळ्या डब्या तिने टेबलावर मांडल्या. कॉलेजातल्या कपाटातलीही होती; शिपायाकडून किल्ली कधी मागवली कोण जाणे. डॉक्टर डब्यांवरची अक्षरं वाचत गेली आणि तिचा चेहरा बदलत गेला.

निदान सोपं होतं. बी-सिक्स हवं तेवढं बरं. ढिगाने आणि महिनोन्महिने घेतलं तर ते मज्जातंतूंवरच उठतं, आणि त्यातही जाड, वेगवान खबऱ्यांवर आधी, म्हणजे नेमके चात्यांकडून कण्याकडे धावणारे. स्नायूंत ताकद सगळी शाबूत, चात्याही आपल्या जागी शाबूत, पण त्यांचं बोलणं पोहोचवणारी तारच जळालेली. मुंग्या येतात म्हणून गोळ्या, गोळ्यांनी मुंग्या, मुंग्या वाढल्या म्हणून गोळ्या वाढवल्या. अति तेथे माती हे सरांना आजीनेही सांगितलं होतं. फक्त आजीने त्याची शरीरक्रिया सांगितली नव्हती.

घरी येताना गाडीत सर म्हणाले, की जगात इतक्या लोकांना इतके रोग होतात, पण ज्या अवयवावर आयुष्य काढलं त्याचीच वाट स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या खर्चाने बंद करणारा बहुधा मी पहिलाच. सिग्नलला थांबल्यावर बायकोने त्यांच्या हातावर हात ठेवला. तो हात आपल्या हातावर आहे हे सरांना बघितल्यावर कळलं.

गोळ्या बंद झाल्या. डॉक्टरने आधीच बजावलं होतं, की बंद केल्यावरही काही आठवडे आणखी बिघडेल, घाबरायचं नाही. तसंच झालं. चमचा तोंडाऐवजी गालाकडे जाऊ लागला. शर्टाचं बटण म्हणजे किल्ल्याचा दरवाजा झाला. हात पुढे धरून डोळे मिटले की बोटं आपापली फिरायला निघत. बोका कपाटावरून उडी मारून गादीवर पडलेल्या पिसाएवढाही आवाज न करता उतरे आणि शेपूट वर करून निघून जाई. पूर्वी सर त्याच्याकडे संशोधक म्हणून बघत. आता ते त्याच्याकडे गरीब माणूस श्रीमंताच्या बंगल्याकडे बघतो तसं बघू लागले.

मग बायकोने त्यांना शिकवायला घेतलं. ड्रायव्हिंग स्कूलच्या मागे एक रिकामं पटांगण होतं. तिथे जुनी टायरं मांडून त्यांच्यामधून गाडी काढायचा सराव चाले. सकाळी विद्यार्थी यायच्या आत ती नवऱ्याला टायरांमधून चालवू लागली. आयुष्यभर ती लोकांच्या कानीकपाळी ओरडली होती, पायाकडे बघू नका, समोर बघा. आता तिला उलटं सांगावं लागे: पायाकडे बघा. खबर आतून येत नव्हती तेव्हा ती डोळ्यांनी आणायची, एवढाच उपाय होता. सर हातात काठी घेऊन, खाली बघून, बगळ्यासारखे पाय उचलत टायरांमधून जात. लवकर आलेला एखादा विद्यार्थी कुंपणापाशी थांबे. त्यांच्यातल्या एकाने म्हणे घरी जाऊन सांगितलं, की बाई फार कडक आहेत, गाडीला हात लावू द्यायच्या आधी पायी टायरं पार करायला लावतात.

तोंड मात्र सरांचं शाबूत होतं. चालता चालता ते तिला चात्यांबद्दल सांगत. स्नायू आखडला की त्याच्या शेजारची चाती खरं तर ढिली पडायला हवी, आणि ढिली चाती मुकी. म्हणून चातीच्या दोन्ही टोकांना स्वतःचे वेगळे बारीक मज्जातंतू दिलेत. ते टोकं आवळतात आणि चाती कायम ताठ राहते. हे सांगताना सर थांबून दोन्ही हातांनी हवेत चाती ताणून दाखवत, हातांकडे बघायला लागे म्हणून पायांकडे दुर्लक्ष होई, आणि टायरात बसत. बायको म्हणाली, कळलं, क्लचची वायर ढिली पडली की आम्ही नट आवळतो तसं. सर टायरात बसल्या बसल्या तिच्याकडे बघत राहिले. आख्खं आयुष्य त्यांनी ही गोष्ट समजावताना एक मोठं चित्र, तीन रंगांचे खडू आणि एक तास घेतला होता. त्यांना तिचं कौतुक वाटायला हवं होतं. आधी वाटला तो राग, कौतुक वाटलं ते टायरातून उठून उभं राहिल्यावर.

संध्याकाळी अंगठ्याची परीक्षा असे. सर पलंगावर आडवे पडत, डोळे मिटत. बायको अंगठा हलवी, सर उत्तर देत. पहिल्या काही दिवसांतच प्रगती दिसू लागली. वर. बरोबर, बायको म्हणे. खाली. बरोबर. सरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांनी डॉक्टरला फोन करून कळवलं, की माझी केस अपवादात्मक दिसते, मज्जातंतू इतक्या वेगाने सावरल्याचं वाचनात नाही, यावर काहीतरी लिहायला हवं. लेखाचं शीर्षकही त्यांनी दाढी करता करता ठरवून टाकलं. डॉक्टरने तपासायला बोलावलं. तिथे निम्मी उत्तरं बरोबर आली आणि निम्मी चूक, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी आली असती तेवढीच.

गाडीत बसल्यावर सरांनी विचारलं, की तू रोज खोटं सांगत होतीस का.

बायकोने किल्ली फिरवली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत ती म्हणाली, “अहो, नवशिक्याला पहिल्या आठवड्यात चुकलं-चुकलं म्हटलं ना, तर तो गाडी सोडून देतो. तुम्ही सोडून दिलं असतं तर मी काय केलं असतं?”

शेवटचे शब्द बोलताना तिचा आवाज बदलला. सरांना तिच्या या आवाजाची ओळख नव्हती. त्यांच्या लक्षात आलं, की आपण पडतो कसे, उठतो कसे, लाजतो कसे, लेख कसा लिहिणार, याचाच विचार गेले कित्येक महिने चालला होता. या बाईचं काय चाललंय, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. काहीतरी चांगलं बोलावं असं त्यांना फार वाटलं. पण तोंडातून आलं ते असं, की अशाने प्रयोगाची सगळी आकडेवारी बाद होते. बायकोला हसू फुटलं, मग डोळे पुसावे लागले, आणि मग गाडी निघाली.

त्या दिवसापासून ती खरं सांगू लागली. चुकलं. चुकलं. बरोबर. चुकलं. सर चिडत, रुसत, अंगठा ओढून घेत आणि पुन्हा पुढे करत. आणि ते तिला विचारूही लागले, की आज कोण शिकायला आलं होतं, कुणी खांबाला धडक दिली, तुझी पाठ दुखतेय का. सुरुवातीला तिला ही चौकशी गोळ्यांचाच आणखी एक दुष्परिणाम वाटली.

वर्ष सरता सरता जळालेल्या तारांतल्या काही पुन्हा जीव धरू लागल्या. सगळ्या नाहीत, घोट्याचं अजूनही मौनच होतं. पण बटणं लागू लागली, चमचा तोंडात जाऊ लागला, उजेडात काठी घेऊन सर कॉलेजात जाऊ लागले. डॉक्टरने विचारलं, की माझ्या विद्यार्थ्यांना तपासायला रुग्ण म्हणून याल का. सरांनी दोन दिवस मोठेपणाने नाही म्हटलं आणि तिसऱ्या दिवशी इस्त्रीची पँट काढली.

मुलामुलींनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि रीतसर विचारलं, की बाबा, काय त्रास होतोय. एका मुलीने गुडघ्यावर ठोकलं आणि “नाही” असं सांगितलं. सर म्हणाले, आहे, नीट बघ, किंचित हललाय. तिने पुन्हा ठोकलं, वाकून बघितलं आणि आदराने पुन्हा “नाही” म्हणाली. सरांनी डॉक्टरकडे अपिलासाठी पाहिलं. डॉक्टरने स्वतः ठोकून बघितलं आणि म्हणाली, मांडीवर हात ठेवून बघा, थोडं जाणवतंय. वर्गातल्या सगळ्यांनी एकेक करून सरांच्या मांडीवर हात ठेवला. निम्म्यांना जाणवलं. उरलेल्यांना सर अजूनही नापास करायला तयार होते.

मग त्यांना राहवलं नाही. ते काठी टेकत फळ्याकडे गेले, पावलांवर नजर ठेवून उभे राहिले, खडू उचलला, खडूकडे बघत चाती काढली आणि बोलायला लागले. चाती जरा वाकडी आली, पण त्यांनी तिची टोकं आवळली, क्लचची वायर सांगितली, आणि ही कल्पना कुणाची हेही सांगितलं. सांगताना त्यांनी अभिमानाने मागच्या बाकाकडे हात केला. तिथे बायको पर्स मांडीवर घेऊन, मान एका बाजूला टाकून, गाढ झोपली होती.

सर थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग आवाज खाली आणून त्यांनी पुढचं शिकवायला घेतलं.